वैके

आधी तर बिल्डच होईना.
मेकफाइलच्या एकतिसाव्या ओळीत कुणीतरी
टॅबच्या जागी आठ स्पेस टाकून ठेवल्या होत्या.
डोळ्याला फरक नाही, मेकला आहे.
तेवढ्यात कार्डलाचं बंदर अंधारून गेलं.

मग इशारे. एकशे त्र्याऐंशी.
हेल्डूरनं हे सी लिहिलं तेव्हा कंपायलर कमी बोलायचा.
आता नवा आलाय,
सोवळ्यातल्या सासूसारखा,
अडवत नाही, पण पाहिल्याशिवाय सोडतही नाही.

प्रोग्रामचं काम एवढंच:
थंडी किती, वारा किती, आणि त्यावरून
बेटापासून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत
समुद्र गाडी पेलेल का.

ओळ दोनशे नऊ :
चिन्ह असलेल्या आकड्याची
बिनचिन्हाच्या आकड्याशी तुलना.
मी हसले. मग हिशेब करून पाहिला.
उणे बारा अंश त्या पंगतीत बसले
की चार अब्जांच्या वर जातात.
असला उन्हाळा, आणि बर्फ तरी टिकला,
कारण खालचीच एक अट, भलत्याच कामासाठी लिहिलेली,
तो आकडा गुपचूप टाकून देत होती.
पंचवीस हिवाळे
या नशिबावरून दुधाचे ट्रक गेले.

ते नीट केलं. कास्ट लावून झाकलं नाही,
मुळातून बदललं.
स्विचमधले विसरलेले ब्रेक,
रिकाम्या हाती परतणारी फंक्शनं.
पहाटे तीनला एकच उरला :
ओळ तीनशे चाळीस. इंट वैके.
जाहीर केलंय, वापर कुठेच नाही.

वैके हे आमच्याकडे बाईचं नाव.
शांत, असा काहीसा अर्थ.

आयव्हर ड्रिलच्या पात्याला तेल लावत होता.
"हेल्डूरची कोण ही वैके?"
"फेरीच्या तिकिटाच्या खिडकीत एक होती," म्हणाला,
आणि पातं उजेडात धरून बघत राहिला.

पुसायला एक कळ पुरे.
मी खालच्या ओळीत व्हॉइड लिहून
पुढे तिचं नाव ठेवलं.
म्हणजे कंपायलरला सांगणं :
ठाऊक आहे मला. असू दे.

तो गप्प झाला.

सकाळी आयव्हरनं भोक पाडून मोजलं: चोवीस सेंटिमीटर.
आमचा आकडा तेवीस.
बर्फावर पट्टा बांधायचा नसतो, असा इथला नियम.
मी तो सोडला, दार नुसतं लोटून घेतलं,
आणि रोवलेल्या जुनिपरच्या फांद्या धरून निघाले,
डोक्यात तो एक सेंटिमीटर.