हशा ओसरेपर्यंत

ग्रिम्सबीच्या धक्क्यावर, मासळी चिरणाऱ्या बायकांत
बेरिल ऑटवे पहिल्यांदा थांबायला शिकली:
सुरी अर्ध्यात, मान तिरकी,
आणि मग शेरा. मुकादमाचे कान लाल.

पुढे अकरा वर्षं, दर गुरुवारी साडेआठला
ती मिसेस प्लम्ली. हातात ट्रे, ट्रेमध्ये सहा कप,
उंबरठा मुद्दाम दोन बोटं उंच ठोकलेला.
कप फुटायचे. देश हसायचा.
सेटवरचा सुतार तेवढा विचारायचा, गुडघा कसाय?
त्याच्याशीच लग्न केलं.

त्याला पुरलं त्या दिवशी
शवपेटी उचलणाऱ्यांतला एक पोरगा
तिला बघून ओठ चावत राहिला.
तिनं डोळा मारला. बिचारा, किती दाबणार.

मग एक जाहिरात. चहाचीच, अर्थात.
मग फोन मुका.

परवा क्लीथॉर्प्सच्या कॅफेत
कप तिच्या हातून सुटला.
टेबलं वळली, कुणी टाळ्या वाजवल्या,
मालकीण तर हसून हसून डोळे पुसतेय.

बेरिल थांबली.
सवयच ती. हशा ओसरल्याशिवाय
पुढचं वाक्य टाकायचं नाही.

ओसरला.
मग म्हणाली, जीभ जराशी जड,
"हा हात माझा नाहीये गं पोरी.
बघ ना, हलत नाही."