डावं-उजवं

व्होरहीस, आठव्या इनिंगमध्ये तू मागच्या खिशातून
तो घडी घातलेला कागद काढलास
तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवली.
पहिल्या बेसमागे, चौथी रांग, घरून उशी आणणारी बाई. ती मी.
एकतीस उन्हाळे या मैदानाचा हिशेब माझ्या वह्यांत आहे,
तुझ्याआधीचे नऊ मॅनेजरही.

दोघे बेसवर, आपण एका धावेने मागे.
नदीतून उठलेल्या, एकाच रात्रीच्या त्या माश्या
दिव्यांना इतक्या लगडल्या होत्या
की लांबचा पोरगा टोपीने वारा घालत उभा.
समोरच्यांनी डावखुरा पिचर आणला
आणि तू एलियेसरला परत बोलावलंस.

त्या रात्री त्याचे दोन हिट होते, व्होरहीस.
दुसरा तर कुंपणावरच्या रंगाच्या जाहिरातीत
थेट डब्याच्या झाकणावर आदळला होता.
पण कागद म्हणाला, डावऱ्यासमोर डावरा नको.
डावखुरा, म्हणून डावललास.

मान्य, मी तटस्थ नाही.
पोरगा माझ्या तळघरात राहतो,
मुलीच्या जुन्या खोलीत, घोड्यांच्या पोस्टरखाली.
सकाळी चार अंडी खातो, तवा स्वतः घासतो,
रविवारी बानीला आईशी बोलताना
असा हसतो की ड्रायर थांबल्याचं कळत नाही.
तेव्हा डावं-उजवं मीही करते.
फक्त कागद बघून करत नाही.

मग आला ब्रुसार्ड. उजवा.
नऊ दिवस बाकावर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेला.
त्याची बॅटच मोडली. चेंडू मेल्यासारखा
दुसऱ्या बेसच्या डोक्यावरून गवतात टपकला
आणि दोघेही घरी.
लोक नाचले. गुंथरची बिअर माझ्या वहीवर सांडली.
तू टाळीसुद्धा वाजवली नाहीस,
कागदाची घडी घालून परत खिशात ठेवलीस,
जणू तो हिट कागदानेच मारला होता.

कावळा बसला, फांदी मोडली.
वहीत मात्र मी प्रामाणिकपणे लिहिलं: ब्रुसार्ड, एक हिट, दोन धावा.
ओल्या पानावर शिसं उठत नव्हतं, तरी दाबून लिहिलं.

घरी आल्यावर सगळ्या वह्या काढल्या.
या मोसमात एलियेसर डावखुऱ्यासमोर उभा राहिलाय
अकरा वेळा.
त्यात एकदा अंगात ताप, एकदा पाऊस.
अकरा वेळांत माणूस ठरवलास तू?
मी तर अकरा दिवसांत टोस्टरबद्दलही मत बनवत नाही.
डावखुऱ्यांना मारता येत नाही म्हणून उभा करायचा नाही,
आणि उभा करायचा नाही म्हणून…
पुढचं तूच वाच, तुझ्या कागदावर असेल तर.

गुरुवारी सुपरमार्केटात दिसलास.
दुधाच्या कपाटात खांद्यापर्यंत हात घालून
मागची, उशिराच्या तारखेची बाटली ओढत होतास.
मी विचारलं, मिस्टर व्होरहीस, अकरा वेळा पुरतात का हो?
तू तारीख वाचलीस.
‘नाही, मॅम,’ म्हणालास,
आणि ढकलगाडी पावाच्या दिशेने वळवलीस.

या उत्तराची तयारी मी केली नव्हती.

शनिवारी एलियेसर मागच्या अंगणात
झाडूच्या दांड्याने हवेला मारत होता.
काही बोलत नाही तो. तुझ्याबद्दल तर मुळीच नाही.
मी गॅरेजमधून टेनिसच्या चेंडूंची बादली आणली.
मी एकसष्ट वर्षांची, खांदा रोज शेकावा लागतो.
पण कांदा चिरते, चेकवर सही करते,
आणि फेकतेही, डाव्या हाताने.

पहिला त्याच्या घोट्याला लागला.
मग नऊ-दहा त्याने नुसतेच कापले.
त्यानंतरचा प्रुइटांच्या टोमॅटोत गेला, त्याच्यामागे आणखी दोन,
आणि आम्ही कुंपणावरून वाकून
काठीने पानं बाजूला करत बसलो.

रात्री वहीच्या शेवटच्या पानावर,
जिथे लीग बघत नाही,
अकरात बादलीतले बेचाळीस मिळवले.
त्रेपन्न.
एक चेंडू अजून सापडायचा आहे.