त्रेचाळीस

उन्हाळाभर माझं काम एवढंच:
बूच सोलून घेतलेल्या ओकच्या लालभडक बुंध्यावर
पांढऱ्या रंगानं सालाचा शेवटचा आकडा काढायचा.
म्हणजे पुढची नऊ वर्षं
कुणी कुऱ्हाड घेऊन तिकडे फिरकत नाही.

बाबा सांगायचे,
पंचविशीतली पहिली साल खडबडीत, फरशीच्या कामाची.
चौतिसाव्या वर्षीची दुसरी, तीही तशीच.
बाटलीच्या तोंडात बसेल असं बूच
झाड देतं त्रेचाळिसाव्या वर्षी.
तोवर मालकानं गप्प बसायचं.

एव्होराच्या इस्पितळात डॉक्टर लूर्दिश
माझ्या फायलीवर लिहितात: त्रेचाळीस.
भोवती गोल. त्या गोलाभोवती आणखी एक.
"पहिलटकरीण," त्या नर्सला सांगतात.
मग मला: "ह्या वयात, दुल्से,
जवळजवळ निम्म्या जणींचं सिझर होतं."
मी विचारते, आधी कोण घाबरतं?
माझं पोट, का तुम्ही?
त्या पेनाचं टोपण लावतात.
"खरं सांगू? कधी कधी आम्ही."

एकोणीस तास कळा.
सहा सेंटिमीटरवर सगळं अडून बसलं.
बाहेर झेफेरिनो, टोपीवर अजून बुचाचा भुगा,
सही कुठे करायची ते तिसऱ्यांदा विचारत होता.

साल आणि लाकूड यांच्यामध्ये
एक ओला, पातळ थर असतो.
आमच्याकडे त्याला आईच म्हणतात.
कुऱ्हाड तिथं थांबली पाहिजे.
आईला लागलं तर तेवढ्या जागी
झाड पुन्हा कधी धड साल धरत नाही.
बाबांच्या हातून उभ्या जन्मात तीनदा लागलं.
तिन्ही झाडं शेवटपर्यंत
ते वाट वाकडी करून टाळायचे.

पडद्यापलीकडे माझं पोट माझं नव्हतं.
दुखत नव्हतं, नुसती ओढाओढ,
कुणीतरी माझ्या आत कपाट आवरतंय अशी.
मी कान लावून होते.
साल नीट सुटली तर कापड फाटल्यासारखा आवाज येतो,
हे मला सहाव्या वर्षापासून ठाऊक.
तसा आवाज आला की नाही, सांगता येत नाही,
कारण मधेच ती रडली.
तीन किलो शंभर. डोक्यावर ओलं, काळं जावळ.

टाक्यांवरच्या पट्टीवर
नर्सनं मार्करनं तारीख घातली.
चारचं डोकं मिटवलं होतं तिनं.
असा चार लांबून नऊ दिसतो;
वरून उघडा ठेवायचा असतो.
सांगणार होते.
पण पोरगी भुकेली होती.