दुसुती

मंद्रूपच्या लिंबाजी गडदेंनी
बर्फाच्या डब्यातून रक्त आणलं,
डबा टेबलावर ठेवून म्हणाले,
"नाव तरी सांगा बाई.
शिव्या द्यायच्या तर कुणाला?"

नाव लांब आहे, लिंबाजी.
घराणं आधी एकच होतं, रिओ.
त्यातला 'ओ' म्हणजे अनाथ;
सापडला तेव्हा
त्याच्या नावावर एकही आजार नव्हता.
परवा-परवा कागदोपत्री वाटणी झाली:
गाभ्यावर ज्यांच्या बुरूज ते एकीकडे,
गुळगुळीत ते दुसरीकडे.
तुमच्या मेंढ्यांचा हा गुळगुळीतांच्या घरचा,
अंगावर कड्यांची नक्षी, म्हणून ऑर्बी.
आपण म्हणतो नीलजिव्हा.
चिलटाच्या सोंडेतून येतो.

"अन् आत काय असतं?"

धागे. दहा.
आरएनएवाले बहुतेक एकेरी सुतावर भागवतात,
हा दुसुती.
आणि ती दुसुती उघड्यावर आणत नाही;
कवच बंद ठेवून आतच माग चालवतो,
नकला तेवढ्या कोपऱ्यांतून बाहेर सोडतो.

संध्याकाळी जेलचा फोटो साखर पेठेत घरी नेला.
नायनांनी चाळीस वर्षं जकार्डची कार्डं ठोकली.
फोटो ट्यूबलाइटकडे धरून ते मोजू लागले,
हिशेब ते तेलुगूतच करतात:
मूडु, मूडु, मूडु, ओकटि.
तीन, तीन, तीन, एक.
"किनार चांगलीय. कुठल्या चादरीची?"

मेंढीची, म्हटलं.

मग त्यांचं नख थांबलं.
"हितं एक पट्टी जास्तीची आहे."
मला दुपारी दिसली नव्हती.
वरून दुसरी जागा,
बाहेरच्या कवचाचा नमुना जिथं लिहिलेला असतो,
जिच्यावरून आम्ही प्रकाराचा आकडा टाकतो,
तिथं एकाऐवजी दोन.

म्हणजे एकाच मेंढीत दोघं.
दोन डिझाइनची कार्डं एका मागाखाली सांडली,
आता कुणाचं कुठलं कुठल्या दोरीत ओवलं जाईल
कोण सांगणार.

"तिसरंच फूल निघतं," नायना म्हणाले.
"एकोणऐंशी साली माझ्या हातून निघालेलं.
मालकानं पगार कापला
आणि पुढं तीन वर्षं तेच विकलं."

रिपोर्टात 'प्रकार'समोर एकच चौकट आहे.
पेन उघडं ठेवून बसले
तोवर लिंबाजींचा फोन:
आणखी दोन गेल्या.
कळलं का नाव?

थांबा, म्हटलं, मोजतेय.