सोडण्याचं कारण

तीन नंबरच्या मशीनची नाडी बघायची ती,
आउलिक्की तेर्वोनेन. सत्तावीस वर्षं.
वाळवणीच्या रुळांच्या कुशीला उजवा तळहात टेकवायची
आणि म्हणायची, "वीस मिनिटांत फाटेल."
बाविसाव्या मिनिटाला फाटायचा कागद.
त्या दोन मिनिटांबद्दलही ती
कॉफीच्या वेळी हळहळायची.

क्युमी नदीच्या काठी आमची गिरणी.
बाहेर उणे एकवीस, आत ओल्या लगद्याचा ऊबट वास,
अंगाला लागला की सौनातही सुटत नाही.

मग हेलसिंकीहून यार्मो वेस्तेरिनेन आला,
पातळ तळाच्या बुटांत.
पहिला आठवडा त्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं.
दुसऱ्यापासून आम्ही त्याचं.
तिची निळी वही मागून नेली, "नुसती चाळतो."
महिन्याभरानं भिंतीवरच्या पडद्यावर
तिचे आकडे रंगीत खांब होऊन उभे राहिले,
खाली कोपऱ्यात त्याचं नाव.
वहीतले कॉफीचे डाग तेवढे गाळले होते.

टाळ्या झाल्या.
मीही वाजवल्या. हात गारठले होते म्हणून,
असं स्वतःला सांगितलं.

फोरमनची जागा तापियो लेहमुसविर्ताला मिळाली.
शरद ऋतूत तो वेस्तेरिनेनबरोबर एल्कच्या शिकारीला जातो.
रुळाची डावी बाजू कुठली
हे त्याला पाटी वाचून कळतं.
निवड समितीत आम्ही तिघं होतो.
मी मूग गिळून बसलो.

तिला पाठवलं पॅकिंगला, "तुझ्या विकासासाठी."
कागदाचा श्वास ओळखणारी बाई
गठ्ठ्यांवर लेबलं चिकटवू लागली.
भांडली नाही.
भांडली असती तर बरं होतं,
भांडणाची निदान नोंद होते.
आधी जेवणाच्या सुट्टीत हॉल ओलांडून यायची,
रुळावर हात ठेवायची, मला काही सांगून जायची.
ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी आली नाही.
माझ्या हिशेबी ती गेली त्याच दिवशी;
राजीनामा डिसेंबरात पोचला,
उशिरा आलेल्या टपालासारखा.

निरोपाला वेलदोड्याचा गोड पाव होता.
वेस्तेरिनेन म्हणाला, सतरा वर्षांची सेवा,
आता घरच्यांसाठी वेळ.
घरी तिच्या एक बहिरा कुत्रा.
दहा वर्षं कुणीच दुरुस्त केली नाहीत,
तिनंही नाही.
थर्मास काखेत धरून गेली.

अकरा फेब्रुवारीला तीन नंबर किंचाळलं
आणि बंद पडलं. चार दिवस.
तांपेरेहून सल्लागार आले,
नऊ जणांच्या बैठका झाल्या,
लेहमुसविर्तानं हवेतल्या आर्द्रतेला दोष दिला.
मी कपाटातून तिचा फॉर्म काढला.
"सोडण्याचं कारण", दोन बोटं रुंदीचा रकाना,
त्यात पेन्सिलीनं:
"तीन नंबर, डावीकडचं बेअरिंग. फेब्रुवारीआधी बदला."

वेस्तेरिनेननं वाचलं. पुन्हा वाचलं.
म्हणाला, "हे कारण होऊ शकत नाही.
रकाना चुकीचा भरलाय."
आणि फॉर्म पुन्हा फाइलीत, अक्षरांच्या क्रमानं.

हल्ली ती लोव्हीसाच्या एका बेकरीत असते.
म्हणतात, भट्टीचा मागचा कोपरा
पाव जाळायचा, तिच्या दुसऱ्या आठवड्यात थांबला.
शनिवारी मी राईचा पाव घ्यायला जातो,
चाळीस किलोमीटर, बर्फातून.
ती पाव उलटा करते,
बोटांनी ठोकून ऐकते,
मग कागदात गुंडाळते. आमच्याच गिरणीचा कागद,
जरा जाड आलेला. काही बोलत नाही त्यावर.

एकदाच विचारलं तिनं,
सुट्टे पैसे मोजता मोजता,
"तीन नंबरचा आवाज कसा येतो आता?"

मी म्हणालो, येतो.

आणखी काय सांगणार,
सत्तावीस वर्षं मी तिच्या शेजारी होतो,
हात खिशात घालून.