फेब्रुवारीचा रकाना

अहवालाचं नाव: अटलांटिकपार विस्ताराच्या शक्यता, फिलाडेल्फियाहून.
मुदत शुक्रवारची.
चौदा शहरं दिलीत मला, त्यांतली दोन वाचवायची.

नकाशावर रेघ सरळ ओढली तर चुकते.
पृथ्वी गोल, म्हणून विमान आधी वर सरकतं,
न्यूफाउंडलंडच्या कानाला लागून जातं,
मग उतरतं युरोपात.
नव्या माणसाला वाटतं, उगाच वळसा घातला.
वाकडी वाटच जवळची असते,
हे मी आठवड्याला एकाला तरी समजावते.

हबला मराठीत काय म्हणायचं?
कोशात 'केंद्र' आहे. ते सरकारी वाटतं.
यशवंतमामाच्या सुतारशाळेत शब्द होता: तुंबा.
बाभळीचा, चाकाच्या मधोमध.
त्यात आरे ठोकून बसवायचे, एकेक,
एक जरी ढिला राहिला
तर गाडी वेशीपर्यंतही कुरकुरल्याशिवाय जायची नाही.
माझे आरे: हॅरिसबर्ग, स्क्रँटन, नॉरफोक, रॉचेस्टर.
छोटी विमानं, पन्नास खुर्च्यांची,
तीन ते पाचच्या दरम्यान आत येतात,
सहानंतर मोठी निघतात समुद्रावर.

क्राकोव्हचं गणित असं:
पोर्ट रिचमंडातली, तिकडे अजून कुणी असलेली,
रोजची एकेचाळीस माणसं
फ्रँकफर्टला विमान बदलून जातात.
खुर्च्या एकशे बासष्ट.
उरलेल्या आऱ्यांनी भरायच्या.
नॉरफोक देतं तीन. स्क्रँटन सात,
तिथे खाणीच्या काळातली आडनावं आहेत अजून.
रॉचेस्टर कधी चार, कधी कुणीच नाही.
मे ते सप्टेंबर बेरीज कशीबशी जमते.
नोव्हेंबरनंतर रकाने लाल व्हायला लागतात,
फेब्रुवारी तर कुंकवाचा करंडा सांडल्यासारखा.

परवा जेवणाच्या सुट्टीत ए टर्मिनलला गेले.
लोरेटा पिंकनी, सव्वीस वर्षं त्याच गेटांवर,
एका गुडघ्याला पट्टा.
म्हणाली, उन्हाळ्यातली माणसं मला आठवत नाहीत,
सगळ्यांची टोपी एकच.
फेब्रुवारीतली आठवतात.
सामान जवळजवळ नसतं.
काळा कोट, घडीच्या रेघा तशाच,
आणि विचारतात, फ्रँकफर्टला चालावं किती लागेल.

परत येऊन तो रकाना उघडला.
शेवटच्या चोवीस तासांत काढलेली तिकिटं:
चढा भाव, घासाघीस नाही, परतीची तारीख मोकळी.
आमच्या भाषेत, उत्तम उत्पन्न.
त्याला आम्ही हिरवा रंग देतो.
लाल महिन्यात हिरवे ठिपके.
फार नाहीत. विमान भरत नाही त्यांनी.

दुसऱ्या पानावर, तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत,
फिलाडेल्फिया, फ्रँकफर्ट, मुंबई,
एक हिरवा ठिपका माझा आहे.
नाव नसतं तिथे, पण भाडं मला पाठ आहे.
फ्रँकफर्टला अठराशे पावलं. मोजली होती.
मामा तोवर थांबले नाहीत.

शुक्रवारी लिहिलं: पोर्तो, वर्षभर, रोज.
क्राकोव्ह, मे ते सप्टेंबर, आठवड्यातून चार.
खाली एक ओळ वाढवली:
फेब्रुवारीत एक फेरी चालवून पाहावी, दर गुरुवारी.
कारणाच्या जागी काय लिहावं सुचेना.
'मालवाहतूक' लिहिलं.
हॅलोरनसाहेबांनी समासात प्रश्नचिन्ह काढलं,
खोडलं मात्र नाही.

लोरेटाला सांगितलं तर हसली:
म्हणजे गुरुवार बघून मरायचं.
हो, म्हटलं, तूर्त तेवढंच देता येतंय.

बाहेर डेलावेअरवरून संध्याकाळचं पहिलं विमान
समुद्राकडे तोंड करून उठलं,
आणि आधी उत्तरेला वळलं.