हातचा एक

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी याखेन वही काढतो,
निळी, पुठ्ठ्यावर तेलाचा डाग असलेली.
मी बटाटे सोलते आणि उत्तरं देते.

छप्पर? सत्त्याऐंशीचं. मेंगिया झाली तेव्हाचं.
बॉयलर? चौऱ्याण्णवचा.
माझ्या गुडघ्यांपेक्षा बरा चालतो, म्हटलं, लिही तसं.
तो लिहीत नाही.
तो पत्रिका मांडतो प्रत्येक वस्तूची:
जन्मसाल, आयुर्मान,
यंदा कुणाला साडेसाती.
मग किमतीला उरलेल्या वर्षांनी भागतो, वर्षांना बारांनी,
आणि निघतो तो आकडा
बिस्किटांच्या चार डब्यांत वाटून टाकतो.
छप्पर. बॉयलर. खिडक्या.
चौथ्या डब्यावर लिहिलंय: देव जाणे.
आधी रिकामा होतो तो हाच.

एकतीस वर्षं टपालाची बस चालवली त्याने
घाटातून, चाकांना साखळ्या बांधून.
ब्रेक लागेना झाल्यावर ब्रेकचा विचार करणारा माणूस
त्याला माणूस वाटत नाही.

तरी दोन जानेवारीच्या रात्री
बाहेर उणे अठ्ठावीस असताना
तळघरातून एक खोकला आला
आणि नंतर काहीच आलं नाही.
शांतता एवढी, की घड्याळ उद्धट वाटलं.

कुर्दीन आला, दोन तास पालथा पडून राहिला,
काजळी पुसत म्हणाला,
हा भाग आता बनत नाही.
बनवणारा कारखानाही आता बनत नाही.
घाट बंद. रुळांवर हिमकडा कोसळलेला.
तीन रात्री आम्ही स्वयंपाकघरात निजलो,
लाकडाच्या चुलीशी, बाकावर पाय आखडून,
(अंथरूण पाहून पाय पसरायचे, तर अंथरूणच आखूड)
मध्ये जिरेनियमच्या सहा कुंड्या, पाहुण्यांसारख्या.
दर दोन तासांनी तो उठायचा
आणि केस वाळवायच्या यंत्राने
नळाचा कोपरा शेकायचा.
त्याला स्वतःला केस नाहीत.

खालच्या गावात एक हॉटेल बंद पडलंय.
तिथला बॉयलर मिळाला, वापरलेला, सात हजार फ्रँकला, बसवून.
बॉयलरच्या डब्यात होते आठशे चाळीस,
कारण बॉयलर अजून चार वर्षं जगणार होता. वहीत.
मग छपराचा डबा उघडला.
याखेनने रीतसर नोंद केली:
छपराकडून हातउसने.
आणि वही माझ्याकडे सरकवली,
छपराच्या वतीने तू सही कर.
मी केली. जरा तिरकी, उतरती,
बर्फ घसरावा अशी.

मार्चमध्ये सावकाराने तगादा लावला.
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, टप्.
मी भांडं ठेवलं.
व्याज आहे, म्हणाला याखेन,
आणि भांडं मोजून रिकामं करू लागला.

जमिनीत दोनशे दहा मीटर भोक पाडून
खालची ऊब वर आणतात म्हणे आता.
कुर्दीनने कागद दिलाय, पंचावन्न हजारांचा,
काही सरकार देईल, काही बँक.
वहीत त्याच्यासमोर सालाच्या जागी
नुसतं प्रश्नचिन्ह आहे.
इतक्या वर्षांत पहिलंच.
दोनशे दहा मीटर, मी म्हणते, आपल्या पायाखाली,
आणि आपण चाळीस वर्षं तेल वरून आणत होतो.

आज पुन्हा ऑक्टोबरातला पहिला रविवार.
डोंगरांच्या माथ्यावर पांढरं उतरलंय,
लार्च पिवळे झालेत.
तो बेरीज करतोय, ओठ हलवत.
माझा गुडघा कुठल्या डब्यात, मी विचारते.
तो वर बघत नाही.
बघते, तर पान उलटं धरून शेवटच्या ओळीत
बारीक अक्षरात काहीतरी आहे, साल आणि रक्कम,
आणि त्याखाली त्याचं कंबरडंही.

सात आणि आठ पंधरा, तो पुटपुटतो,
पाच लिहिले.
आणि थांबतो. नेहमी इथेच विसरतो.

हातचा एक, मी म्हणते.

तो डाव्या हाताचं बोट वर करतो,
साखळ्यांच्या थंडीने वाकडं झालेलं ते,
पुढच्या रकान्यापर्यंत
विसरू नये म्हणून.
मी बटाटे चुलीवर ठेवते. वळून पाहते.
बोट अजून उभंच.